गव्हाचे पैसे आणि ग्रंथांची सावड

सावड म्हणजे काय, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावयास नको. आज माझी बैलजोडी तुमच्या वावरात, परवा तुमची माझ्या वावरात. पैशाचे नाव मध्ये येत नाही. मात्र कोणाचे किती दिवस झाले हा हिशेब दोन्ही घरांत पक्का असतो. एखाद्याने आपला दिवस चुकविला तर कोणी त्याच्याशी भांडत बसत नाही. पण पुढल्या पेरणीला त्याच्याकडे बैलही जात नाहीत.

जगातल्या ग्रंथालयांमध्येही अशी सावड चालते, आणि ती चांगली पावणेदोनशे वर्षे चालत आलेली आहे. आज सांगावयाचे आहे ते अमेरिका आणि रशिया या दोन देशांच्या ग्रंथालयांमधील देवघेवीविषयी. 'जामनेरला बसून वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या पुस्तकांशी आपल्याला काय करावयाचे?' असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पण जरा थांबा. या दोन देशांच्या ग्रंथव्यवहाराचा एक पाट आपल्या रेशनच्या गव्हातून गेला आहे आणि दुसरा आपल्या वाचनालयांच्या कपाटांतून. दोन्हींचे पाणी कोठे मुरले ते पाहण्यासारखे आहे.

आधी ही देवघेव चालते कशी ते पाहू. प्रत्येक मोठ्या ग्रंथालयात काही पुस्तकांच्या दोन-दोन, चार-चार प्रती साठतात. आपल्याला एक प्रत पुरेशी असते, आणि दुसऱ्या कोणाकडे ती मुळीच नसते. मग जास्तीच्या प्रतींची यादी करावयाची, ती दुसऱ्या ग्रंथालयाकडे धाडावयाची, त्याने आपल्याला हवी ती पुस्तके निवडावयाची आणि बदल्यात आपली यादी पाठवावयाची. शेवटी दोन्हीकडच्या नोंदवह्यांत किती गेली आणि किती आली याचा जमाखर्च मांडावयाचा. झाले. ही कल्पना जगभर हिंडून गळी उतरविणारा माणूस कोण होता, तर आलेक्सांद्र वातमार नावाचा एक फ्रेंच गृहस्थ. त्याचा मूळ धंदा ओठ न हलविता वेगवेगळे आवाज काढून लोकांना हसविण्याचा! १८३९ साली तो अमेरिकेत गेला आणि पुढची कित्येक वर्षे 'तुमची पुस्तके आम्हाला द्या, आमची तुम्ही घ्या' असे सरकारांच्या दारोदार सांगत फिरला. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थापनेमागेही त्याच्या खटपटीचा वाटा होता. विद्वानांना जे सुचले नाही ते एका नकलाकाराला सुचले, याची मला मोठी मौज वाटते.

या शतकाआधीच्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा बोलबाला सगळीकडे झाला होता. कोणीही यावे, कपाटापर्यंत स्वतः जावे, पुस्तक हाताळून पाहावे आणि फुकट घरी न्यावे, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. आणि आता योगायोग पाहा. ही पद्धत शिकण्याची उत्सुकता एकाच सुमारास दोन अगदी वेगळ्या ठिकाणी उत्पन्न झाली. एक ठिकाण रशिया, आणि दुसरे बडोदे.

बडोद्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आपल्या घरची आहे. सयाजीराव महाराज जन्माने आपल्या शेजारचेच. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली ते दत्तक जाऊन गादीवर बसले. १९०६ साली ते अमेरिकेला जाऊन आले, आणि तेथील ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. नुसते कौतुक करून ते स्वस्थ बसले नाहीत. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपालच बडोद्याला आणला. बोर्डनसाहेब तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, १९११ साली ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला आणि खेड्यापाड्यांत पुस्तके पोहोचविण्याची व्यवस्था बसविली. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तके या ग्रंथालयाला देऊन टाकली. लाकडी पेटीत पुस्तके भरावयाची, पेटी एका गावात ठेवावयाची आणि तेथील लोकांची वाचून झाली की पुढच्या गावी रवाना करावयाची, अशी फिरत्या पेट्यांची योजनाही या खात्याने चालविली. बोर्डन परत गेल्यावर ते काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने पुढे नेले. १९१२ पासून या खात्याचे एक नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतला मजकूर असे. म्हणजे ग्रंथालय कसे चालवावे याची चर्चा शंभर वर्षांपूर्वी मराठीत चालू होती, हे आपण शिक्षकांनी तरी ध्यानात ठेवावे.

त्याच वेळी रशियात काय चालले होते? १९१३ साली ल्युबोव्ह खावकिना या बाईंनी मॉस्कोत ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला, आणि दुसऱ्याच वर्षी त्या अमेरिकेतील ग्रंथालये पाहावयास गेल्या. १९१३ सालीच परदेशात राहणाऱ्या लेनिनने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या अहवालावर एक लेख लिहिला. मुलांनासुद्धा पुस्तके घरी नेऊ देणारे हे ग्रंथालय त्याला फार आवडले होते. आमच्याकडे पुस्तके कुलपात आणि लोक बाहेर, असा त्याच्या लेखाचा सूर होता. क्रांती होऊन सत्ता हाती येताच, १९१७ च्या अखेरीस, त्याने पेत्रोग्रादच्या ग्रंथालयासाठी जे टिपण केले त्यातली पहिलीच सूचना अशी, की देशातल्या आणि परदेशांतल्या ग्रंथालयांशी पुस्तकांची देवघेव ताबडतोब सुरू करावी. दुसरी सूचना अशी, की एका ग्रंथालयाकडून दुसऱ्याकडे पुस्तक पाठविण्यास कायद्याने टपालखर्च पडू नये. वाचनालय सकाळी आठ ते रात्री अकरा आणि रविवारीही उघडे असावे, हेही त्यात होते. राजकारणात तो अमेरिकेचा कट्टर विरोधक. पण चांगली गोष्ट शत्रूच्या घरची असली तरी उचलावी, एवढा व्यवहार त्याला कळत होता. पुढे १९२७ साली आणि नंतर पुन्हा एकदा कॅलिफोर्नियाच्या हॅरिएट एडी या बाई खेड्यांतल्या ग्रंथालयांची घडी कशी बसवावी हे सांगण्यासाठी रशियात जाऊन आल्या.

लेनिनचा आणि अमेरिकन ग्रंथालयाचा आणखी एक संबंध आहे. सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्क गावी युदिन नावाचा एक व्यापारी होता. त्याला पुस्तके जमविण्याचा नाद. ८० हजारांचा संग्रह त्याने केला. १८९७ साली हद्दपारीच्या शिक्षेवर जात असताना लेनिन त्या गावात काही दिवस थांबला आणि या संग्रहात बसून वाचत असे. हाच संग्रह १९०६ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विकत घेतला. (काँग्रेस म्हणजे तेथील संसद. आपल्याकडील पक्षाशी या ग्रंथालयाचा संबंध नाही.) म्हणजे क्रांतिकारकाने ज्या कपाटांतली पुस्तके वाचली ती वॉशिंग्टनला जाऊन बसली, आणि रशियाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विद्वानांना पुढची शंभर वर्षे पुरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन देशांचे वैर सगळ्या जगाला माहीत आहे. तरी पुस्तकांची देवघेव थांबली नाही. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. रूबल परदेशात चालत नसे आणि रशियाला डॉलर खर्चावयाचे नसत. तेव्हा विकत घेण्यापेक्षा पुस्तकाला पुस्तक, मासिकाला मासिक, अशी अदलाबदल दोघांनाही सोयीची पडे. २७ जानेवारी १९५८ रोजी दोन्ही सरकारांनी सांस्कृतिक देवघेवीचा रीतसर करार केला. १९६१ साली दोन्हीकडच्या ग्रंथपालांची मंडळे एकमेकांकडे जाऊन आली. एकीकडे अणुबाँबच्या धमक्या आणि दुसरीकडे पुस्तकांची पार्सले, असा हा संसार होता.

हा व्यवहार पूर्ण विश्वासाचा होता काय? नव्हता. रशिया आपल्या प्रांतांतली वर्तमानपत्रे सहसा बाहेर जाऊ देत नसे, आणि आलेली परदेशी पुस्तकेही तेथे सर्वांना वाचावयास मिळत नसत. बरीचशी बंद दालनात जात. पण गंमत अशी, की वैर असताना जी सावड तगली तिला पुढे मैत्रीच्या दिवसांत तडा गेला. १९९४ साली मॉस्कोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एका ज्यू धर्मगुरुघराण्याच्या संग्रहातली सात पुस्तके काँग्रेस ग्रंथालयाला उसनी दिली. त्या घराण्याच्या अनुयायांची संस्था अमेरिकेत आहे, आणि हा सगळा संग्रह आपला आहे असा तिचा दावा आहे. काँग्रेस ग्रंथालयाने ती सात पुस्तके या संस्थेच्या हाती दिली, आणि ती परत गेलीच नाहीत. पुढे अमेरिकन न्यायालयाने २०१० साली संस्थेच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा रशियाने आपल्या संग्रहालयांतील चित्रे आणि वस्तू अमेरिकेस प्रदर्शनासाठी देणे बंद केले. २०१३ साली अमेरिकन न्यायालयाने रशियाला रोजी ५० हजार डॉलर दंड सांगितला. २०१४ साली मॉस्कोच्या न्यायालयाने काँग्रेस ग्रंथालयाला तेवढाच दंड सांगितला. आपल्या गावच्या वाचनालयात पुस्तक उशिरा आणले म्हणून रुपया-दोन रुपये भरताना कुरकुर करणाऱ्यांनी हा आकडा मनात ठेवावा!

मॉस्कोतच परदेशी साहित्याचे एक प्रसिद्ध ग्रंथालय आहे. मार्गारिता रुदोमिनो या बाईंनी तरुणपणी, १९२० नंतरच्या हलाखीच्या दिवसांत ते उभारले, आणि आज त्यांचेच नाव त्याला आहे. या ग्रंथालयात १९९३ पासून अमेरिकन केंद्र चालत होते. पुस्तके, व्याख्याने, इंग्रजीच्या गप्पा, सगळे तेथे असे. २०१५ साली रशियन बाजूने ही व्यवस्था संपविली. या रुदोमिनो ग्रंथालयाचे नाव लक्षात ठेवा. आपला एक मराठी माणूस तेथे उभा आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येतो.

आता गव्हाकडे वळू. घरातल्या वडीलधाऱ्यांना पी. एल. ४८० चा गहू आठवत असेल. रेशनच्या दुकानावर रांग, आणि पोत्यावर हस्तांदोलनाचे चित्र. त्याची पोळी आपल्या गव्हासारखी होत नसे म्हणून बायका नाके मुरडीत. पण १९६५-६६ च्या अवर्षणात याच गव्हाने अनेकांची चूल पेटती ठेवली, हे नाकारून चालणार नाही. या गव्हाबरोबरच गाजरगवत आले असे गावोगाव सांगतात. तसे पाहिले तर पुण्याकडे ते गवत दिसल्याची नोंद १९५५ च्या सुमाराची, आणि पी. एल. ४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे या समजुतीचा हिशेब थोडा हुकतो. ते काही असो. गव्हाबरोबर काय आले याची चर्चा आपण पुष्कळ केली. गव्हाच्या पैशातून काय गेले याची मात्र फारशी कोणी केली नाही.

झाले असे. १९५४ साली अमेरिकेने एक कायदा केला. तोच हा सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०. आपल्याकडचे जास्तीचे धान्य त्यांनी गरजू देशांना विकावयाचे, आणि किंमत डॉलरऐवजी त्या देशाच्या चलनात घ्यावयाची. आपल्याजवळ डॉलरची चणचण. तेव्हा सौदा आपल्याला परवडणारा. पण रुपये अमेरिकेत नेऊन त्यांना काय उपयोग? ते भारतातच साठू लागले. इतके साठले, की १९७४ साली त्यांतला मोठा भाग अमेरिकेने भारताला सोडून दिला तेव्हा त्याचा धनादेश १,६६४ कोटी रुपयांचा होता.

या साठलेल्या रुपयांचे करावयाचे काय, हा प्रश्न आधीपासूनच होता. १९५८ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली, की यातले काही रुपये काँग्रेस ग्रंथालयाने त्या त्या देशातली पुस्तके विकत घेण्यास वापरावे. त्याप्रमाणे १९६२ साली दिल्लीत या ग्रंथालयाचे कार्यालय उघडले. त्या कार्यालयाने काम आरंभिले ते असे. भारतात कोणत्याही भाषेत अभ्यासाच्या उपयोगाचे पुस्तक निघाले, की त्याच्या अनेक प्रती घ्यावयाच्या. एक वॉशिंग्टनला आणि बाकीच्या शिकागो, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवावयाच्या. मराठीही त्यात आली. मुंबई-पुण्याची कादंबरी, कवितासंग्रह, चरित्रे, नियतकालिके, सरकारी अहवाल, संतवाङ्मयावरचे लिखाण, सगळे बोटीत चढले. आलेल्या पुस्तकांची भाषावार छापील यादी दरमहा निघे. त्या काळात मराठीत काय काय छापले गेले याचा शोध घेणाऱ्याला ती यादी आजही उपयोगी पडते. आपल्या प्रकाशनांची यादी अमेरिकन ग्रंथपालाने करावी, हे ऐकून अभिमान वाटावा की संकोच, हे तुम्हीच ठरवा. मला दोन्ही वाटतात.

याच्याही आधी एक छोटा प्रयोग झाला होता. १९५१ साली अमेरिकेने भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि त्याच्या व्याजातले पहिले ५० लाख डॉलर शैक्षणिक देवघेवीवर खर्च करावयाचे ठरविले. त्यातून अमेरिकन पुस्तके आणि प्रयोगशाळांची उपकरणे आपल्या विद्यापीठांना आली, आणि भारतीय पुस्तके तिकडे गेली. याला सावड म्हणता येईल. देणे आणि घेणे दोन्ही त्यात होते. पी. एल. ४८० च्या पुस्तकयोजनेला मात्र सावड म्हणणे कठीण. निवड त्यांची, पैसा त्यांचा, कपाटे त्यांची. गहू खाल्ला आपण आणि पुस्तके ठेवली त्यांनी. म्हणून काही विद्वानांनी या योजनेवर टीका केली, की सोपा पैसा मिळाला म्हणून परक्या देशाचे वाङ्मय असे पोत्यांनी उचलले. टीकेत तथ्य आहे. पण उचलल्यावर त्यांनी त्याचे काय केले, तेही पाहिले पाहिजे.

ते पाहण्याआधी रशियाच्या पाटाकडे जाऊन येऊ. तुमच्यापैकी जे १९७०-८० च्या दशकांत शाळेत होते त्यांना 'सोव्हिएत देश'चे गुळगुळीत, रंगीत अंक नक्की आठवतील. वाचून झाले की वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्यासाठी त्या कागदाची चढाओढ लागे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनांची पुस्तके त्याच काळात खेड्यापर्यंत येत. मॉस्कोत राहून अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक रशियन पुस्तके थेट मराठीत आणीत. देनिस नावाच्या खोडकर मुलाच्या गोष्टी त्यांनीच मराठीत आणल्या. मुंबईचे लोकवाङ्मय गृह ती विकावयास आणी. पक्की बांधणी, सुंदर चित्रे आणि किंमत अशी, की शिक्षकाच्या पगारातूनही दोन-चार घेता यावीत. मीर प्रकाशनाची विज्ञानाची आणि गणिताची इंग्रजी पुस्तके तर महाविद्यालयातल्या मुलांचा आधार होती.

यात प्रचार होता काय? होता; आणि अमेरिकन मासिकांतही होता. दोन्ही देशांना आपल्या मनाची जमीन हवी होती. पण मूल गोष्ट वाचते ते गोष्टीसाठी. देनिसने खिडकीतून सांडलेल्या खिरीत त्याला काही साम्यवाद दिसत नसे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि हा ओघ आटला. पुन्हा छपाई झाली नाही. ज्या वाचनालयांनी ती पुस्तके 'मुलांची आहेत' म्हणून फाटेपर्यंत वापरली आणि फाटल्यावर रद्दीत घातली, त्यांच्याकडे आज एकही प्रत नाही; आणि आता चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले वाचक तीच पुस्तके जुन्या बाजारात शोधीत फिरतात.

याच काळात उलट दिशेनेही थोडे गेले. कातेनिना नावाच्या बाईंचे मराठीच्या व्याकरणावरचे रशियन पुस्तक १९६३ साली मॉस्कोत निघाले. १९६१ साली अण्णाभाऊ साठे रशियात जाऊन आले. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा, शाळेशी जेमतेम ओळख झालेला हा लेखक आपल्या लेखणीच्या बळावर तेथे पोहोचला होता. परत आल्यावर त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. मघाशी रुदोमिनो ग्रंथालयाचे नाव लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या ग्रंथालयात अण्णाभाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या ग्रंथालयातून सात वर्षांपूर्वी अमेरिकन केंद्र निघाले, तेथे वाटेगावचा माणूस बसला. मला मात्र राहून राहून असे वाटते, की पुतळ्याशेजारच्या कपाटात अण्णाभाऊंची किती पुस्तके आहेत, मराठीत किती आणि रशियन भाषेत किती, हे कोणीतरी जाऊन मोजावे. ग्रंथालयात पुतळ्यापेक्षा नोंदवहीला मान अधिक.

आता शिकागोला जाऊ. गव्हाच्या पैशातून तेथे गेलेली मराठी पुस्तके नुसती कपाटात पडून राहिली नाहीत. ती वाचणारी माणसे तयार झाली. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचा अभ्यास केला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभावांचे वाङ्मय आणि महाराष्ट्रातल्या नद्या-तीर्थांवर काम केले. मॅक्सीन बर्नसन तर फलटणला येऊन राहिल्या, तेथे शाळा काढली आणि भारताच्या नागरिक झाल्या. ही सगळी माणसे पुस्तकांमुळेच घडली असे मी म्हणणार नाही. परंतु मराठी शिकू इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठात मराठी पुस्तक मिळावे, ही सोय या योजनेने केली.

आणि मग एक दिवस पुस्तके परत येऊ लागली. बोटीने नव्हे, तारेवरून. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दक्षिण आशियातील भाषांचे शब्दकोश संगणकावर आणून सर्वांना मोफत खुले केले. त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आहे; दाते-कर्वे यांचा १९३२ पासून खंडशः निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आहे; शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. महाराष्ट्र शब्दकोशाचे सगळे खंड आपल्या तालुक्यात कितीशा ठिकाणी सापडतील? पण शेंदुर्णीच्या किंवा पहूरच्या शिक्षकाने खिशातला मोबाइल काढला, तर ज्ञानेश्वरीतला अडलेला शब्द तो वर्गात उभ्या-उभ्या शोधू शकतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे करून दाखवितो, तेव्हा ते आधी आश्चर्य करतात आणि मग विचारतात, 'सर, हे आपल्याकडे कोणी का नाही केले?' थोडे आपल्याकडेही झाले आहे, असे मी सांगतो. पण प्रश्न खराच आहे.

गव्हाच्या रुपयांचा साठा पुढे संपला. तरी दिल्लीचे कार्यालय बंद पडले नाही. विद्यापीठे स्वतःचे डॉलर भरू लागली आणि पुस्तके जातच राहिली. येथे मला रशियाच्या पाटातला आणि अमेरिकेच्या पाटातला फरक दिसतो. मॉस्कोहून आले ते प्रेमाने आले, स्वस्तात आले, पण ते जपावे अशी व्यवस्था घेणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, नव्हती. वॉशिंग्टनला गेले ते हिशेबाने गेले, पण घेणाऱ्याने प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला, नोंद केली, कपाट दिले आणि माणूस नेमला. पहिल्यातून आठवणी उरल्या. दुसऱ्यातून पुस्तके उरली.

तुम्ही म्हणाल, मोठ्या देशांच्या गोष्टी मोठ्या. आपल्या हाती काय आहे? आपल्या हाती पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोणा देशाशी करार करावयास नको.

आपल्या भागात दरवर्षी कितीतरी छोटी पुस्तके निघतात. शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, गावच्या यात्रेची माहिती, अहिराणी किंवा तावडी कवितांचा घरच्या पैशाने छापलेला संग्रह, एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचे चाळीस पानी चरित्र. पाचशे प्रती निघतात, समारंभात वाटल्या जातात आणि दहा वर्षांनी एकही मिळत नाही. मोठ्या शहरातल्या प्रकाशकाकडून अमेरिकन ग्रंथालय पुस्तक घेईल. पण आपल्या गावातल्या समारंभात वाटलेली पुस्तिका त्याच्या हाती लागावी कशी?

त्यासाठी आपल्याच देशात १९५४ साली एक कायदा झालेला आहे. जो कोणी पुस्तक प्रकाशित करील, मग तो मोठा प्रकाशक असो की शाळेची समिती, त्याने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची एक-एक प्रत स्वखर्चाने ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावयाची. ती ग्रंथालये चार आहेत: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय. चार प्रती आणि चार टपाल पाकिटे, एवढाच खर्च. हा कायदा बऱ्याच मुख्याध्यापकांना ठाऊक नसतो, आणि छापखानेवाला तो सांगत नाही.

दुसरे काम याहूनही सोपे आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क आणि ड वर्गांची वाचनालये आपल्या तालुक्या-तालुक्यांत आहेत. 'ड' वर्गाच्या वाचनालयाची पुस्तके वर्ष-दोन वर्षांत गावातल्या वाचकांची वाचून होतात, आणि मग नवे काही नाही म्हणून वाचक येईनासा होतो. शेजारच्या गावीही तीच स्थिती असते, पण तेथील पुस्तके वेगळी असतात. पन्नास पुस्तके या गावाने त्या गावाला तीन महिन्यांसाठी द्यावी, पन्नास घ्यावी. दोन्हीकडे यादी करून ग्रंथपालांच्या सह्या घ्याव्या. फाटले तर बांधून द्यावे, हरवले तर तेच पुस्तक आणून द्यावे, एवढी बोली आधीच करावी. पेटी नेण्यास एस. टी. आहे, दुधाची गाडी आहे, नाहीतर शाळेला येणारे गुरुजी आहेतच. सयाजीरावांच्या पेट्यांना तर बैलगाडीही चालत असे.

पेटी पाठविण्यापूर्वी एक करा. आपल्या वाचनालयातली जी पुस्तके दुसरीकडे मिळणार नाहीत अशी वाटतात, गावाविषयीची, जुनी, पिवळी पडलेली, कोणाच्या आजोबांच्या सहीची, ती बाजूला काढा आणि त्यांची वेगळी यादी दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवा. ती पेटीत घालू नका. बाकीची जाऊ द्या.